माहेरचा कामठा

भटू माळ्यावरून पडला, पण डुकराला घाबरून नव्हे. डुक्कर कसं मारायचं हे शेजारच्या जीवरामला दाखवताना तो पडला. मक्याच्या शेतातल्या माळ्यावर उभं राहून त्याने हातात नसलेला कामठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, ताणला, डावा हात पुढे केला, उजवा कानामागे नेला आणि छाती फुगवून एक पाऊल मागे घेतलं. मागे माळा संपलेला होता.

चोपड्याच्या दवाखान्यातून त्याला जळगावला नेलं. तिथे उजव्या हाताला खांद्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि दिवाळी होईपर्यंत हात हलवायचा नाही असं बजावलं. एसटीतून उतरून तो पाड्यावर आला तेव्हा त्या पांढऱ्या हाताभोवती पोरांचा घोळका जमला. भटूनेही मग डुकराशी झालेली झटापट रंगवायला घेतली. जीवराम मागेच उभा होता.

"भटू, डुक्कर कोठे व्हतं रे? मी त तठेच व्हतू," तो म्हणाला.

पोरं खो खो हसली. सगळ्यांत आधी हसली ती भटूची बायको ताईबाई. हसली, आणि लगेच नवऱ्याच्या डोक्याखाली गोधडीची उशी करून तिने त्याला ओट्यावर निजवलं.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. उंबरदरी हा सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्लांचा पाडा. घरं मोजकी, आणि बहुतेकांची शेतं नाल्याच्या कडेने एकाला एक लागून. त्या साली पाऊस मन लावून पडला होता. मका माणसाच्या डोक्यावर गेला होता, कणसांत दूध भरलं होतं, आणि तो वास नाल्यातल्या डुकरांपर्यंत पोचला होता. त्यांत एक मोठं एकांडं नर डुक्कर होतं. डुक्कर खातं थोडं आणि लोळवतं फार. एका कणसासाठी दहा धांडे आडवे करतं. अशा वेळी पाडा वर्षातून एकदा हाका घालत असे. काही जण डबे वाजवत नाल्यातून डुकरं उठवायचे आणि बाकीचे कामठे घेऊन त्यांच्या वाटा धरायचे. पिकात शिरणाऱ्या डुकरांसाठी जंगलखात्याची परवानगीही त्या साली मिळाली होती.

हाक्याचा एक जुना नियम होता. प्रत्येक घरचा एक कामठा हाक्याला उभा राहिला पाहिजे. जे घर उभं राहील, त्याच्या शेताची राखण कापणीपर्यंत सगळा पाडा पाळीपाळीने करणार. जे घर येणार नाही, त्याने आपलं शेत आपण राखावं. नियम कठोर वाटतो खरा, पण त्यामागे राग नव्हता. राखणीला माणसं थोडी आणि शेतं पुष्कळ, म्हणून तो झाला होता.

हाक्याचे पुढारी हिलाल आबा. वयाने पाड्यात सर्वांत वडील. बोलणं सावकाश, आणि कुणाला काही शिकवायचं असलं की त्याहून सावकाश. ते भटूला बघायला आले, प्लास्टरवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "भटू, या साल तू राहू दे. हात मोडेल शे. तुले कोन काय म्हनी?"

"मंग आबा, मना मकानी राखण?"

 नियम आबांनी केलेला नव्हता, पण तो त्यांच्याच तोंडून सांगावा लागत होता.

चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या ताईबाईचे हात थांबले. ती दिवसभर खाली सपाटीवरच्या केळीबागेत मजुरीला जायची. रात्रभर एकटीने माळ्यावर जागायचं आणि दिवसभर बागेत वाकायचं, हे फार दिवस निभणार नव्हतं. तो मका म्हणजे त्यांच्या घरची वर्षभराची भाकरी होती.

"आबा," ती म्हणाली, "नियममां काय शे? घरना कामठा, का पुरुषना?"

आबांनी विचार केला. खूप मागे जाऊन, आपल्या आज्याने काय सांगितलं होतं ते आठवून केला. मग म्हणाले, "घरना."

"मंग आमनं घर येई."

भटूने उशीवरून मान वर केली. आबांनी पागोटं सारखं केलं. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं, आणि ते शोधायची त्यांना इच्छाही दिसली नाही. उठताना ते एवढंच म्हणाले, "कामठा कोनता लई येशी, ते ठराव."

घरात कामठे दोन होते. चुलीच्या वर, आढ्याला, धुराच्या वाटेत दोन्ही टांगलेले असत, कारण धुराने बांबूला कीड लागत नाही.

एक भटूचा. डोंगरातल्या मानवेल बांबूचा, भटूच्या कपाळापर्यंत उंच, मुठीच्या जागी मनगटाएवढा जाड. भटूने तो दोन उन्हाळे जपून केला होता. धुराने त्याला पिकल्या चिंचेचा रंग आला होता. दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची, बोटाने छेडली की घुमणारी. पाड्यातले लोक पाहुण्यांना तो दाखवायला आणत. ताईबाईलाही त्याचं मोठं कौतुक होतं. लग्नाआधी सासरी काय काय आहे हे सांगताना मध्यस्थाने बैलांच्या आधी या कामठ्याचं नाव घेतलं होतं.

दुसरा तिचा, माहेरून आणलेला. तिचं माहेर अनेर नदीच्या काठचं. तिथे मुलीसुद्धा उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात उभ्या राहून कामठ्याने मासे मारत. तिचा कामठा तिच्या हनुवटीपर्यंतच होता, काठीसारखा सडपातळ. सासरी नदी नव्हती, म्हणून तो मक्यावरचे पोपट उडवायला उरला होता.

"त्यामां विचार काय करनं?" भटू म्हणाला. "मना लई जाय. डुक्कर त्याना नाव आयकीसनच मरी."

ताईबाईलाही तसंच वाटलं. पहिल्यांदा हाक्याला जायचं तर चांगलं हत्यार न्यावं, हे कोणीही सांगेल. त्यात आणखी एक भीती होती. पाड्यात म्हणत, ज्याचा बाण त्याचा माग. ज्याच्या बाणाने जनावर जखमी होऊन पळेल, त्याने त्याचा माग काढून ते संपवायचं. ते सापडेपर्यंत तोंडात भाकरी घालायची नाही. जनावराला तडफडत सोडून आपण जेवायला बसणं, यापरती दुसरी लाज त्या पाड्याला ठाऊक नव्हती. जोरदार कामठा असला तर बाण खोल जाईल, जनावर जागेवर पडेल, असा तिचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी बागेतून परतताना तिने तोडलेल्या केळीचा एक जाड खांब डोक्यावर आणला आणि अंगणात उभा पुरला. केळीचा खांब मऊ, पाणीदार, थरावर थर असलेला. बाण कुठवर गेला ते त्याच्यात नीट कळतं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून तिने भटूचा कामठा उचलला. ताणताना दातावर दात रोवावे लागले, पण ताणला. बाण सुटला आणि पात्यासकट निम्मा खांबात शिरला.

"दखं का!" भटू ओट्यावरून ओरडला. जणू त्यानेच मारला होता.

मग तिने तिथूनच आपला कामठा लावला. बाण नेमका लागला, खांबाच्या मधोमध, पण गेला बोटभर.

कुंपणापलीकडून जीवराम बघत होता. तो म्हणाला, "वहिनी, त्यानं डुक्कर नही मराव. डुकरावरनी माशी मरी!"

"तुना तोंडावर बी एक बशेल शे, हालू नको," ताईबाईने त्याच्याकडे न बघताच उत्तर दिलं.

पण मनातून तिने भटूचा कामठा ठरवून टाकला. चार दिवस ती त्यानेच सराव करत राहिली. बाण खोल जात होता. फक्त कधी तो खांबात जायचा आणि कधी खांबामागच्या कुडात. खांद्यात रात्री कळ यायची. 

पाचव्या दिवशी संध्याकाळी हिलाल आबा आले. मागोमाग पोरं आली, कारण आबा कुठे बसले की गोष्ट होणार हे त्यांना पाठ होतं. आबा अंगणातल्या खाटेवर बसले.

"ताई, कामठा तान," ते म्हणाले. "पन बाण सोडू नको. मी सांगसू तव्हय सोड. तवलोंग या पोरेस्ले एक गोष्ट सांगस."

तिने भटूचा कामठा ताणला. आबांनी गोष्ट सुरू केली. एक जावई पहिल्यांदा सासरी निघाला. त्याने सासऱ्याला देण्यासाठी एक बैल घेतला. बैल कसा होता? आबा बैलाचं वर्णन करू लागले. त्याची शिंगं, शिंगांवरचे गोंडे, गोंड्यांचे रंग. एक गोंडा लाल होता. दुसरा...

"दुसरा कोन्ता व्हता रे?" आबांनी एका पोराला विचारलं.

"हिरवा!"

"हिरवा नही, थांब, याद करू दे."

ताईबाईचा हात थरथरायला लागला. आधी मनगट, मग कोपर, मग अख्खा खांदा. गोंड्याचा रंग ठरायच्या आतच दोरी बोटांतून निसटली. बाण खांबाच्या वरून, कुंपणाच्या वरून गेला आणि जीवरामच्या छपरावर वाळत ठेवलेल्या डांगरात, लाल भोपळ्यात, घुसला. डांगर घरंगळत खाली आलं.

"ओ माय! मनं डांगर!" आतून जीवरामचा आवाज आला.

अंगण हसून हसून वाकलं. आबा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "आते तुना कामठा ले."

तिने आपला घेतला, ताणला. आबांनी तोच बैल परत पहिल्यापासून हाकला. शिंगं झाली, गोंडे झाले, दुसरा गोंडा पिवळा निघाला. बैल गावाबाहेर पडला, नाल्याशी अडला, जावयाने त्याची समजूत काढली, बैल पाणी प्याला. ताईबाई हलली नाही. खांदे सैल, श्वास हळू, डोळा खांबावर. पोरं आता गोष्ट ऐकायची सोडून तिच्याकडेच बघू लागली. बैल नाला ओलांडून पलीकडे चढला तेव्हा आबा म्हणाले, "सोड." बाण खांबाच्या मधोमध रुतला. गोष्ट संपेपर्यंत ताणून धरणं झाडाच्या फांदीलाही जमलं नसतं, पण नाला पार होईपर्यंत धरणंही पाड्यातल्या फार थोड्यांना जमलं असतं. आबांनी तो बैल बऱ्याच जणांसमोर हाकला होता. बहुतेकांचे बाण गोंड्यांतच सुटले होते.

"हाई कोठे शिकनी तू?" त्यांनी विचारलं.

"अनेरवर, आबा. मासा लगेच येत नही. कामठा तानीसन उभं ऱ्हावं लागस. आपली सावली हालनी का मासा गया."

आबांनी मान डोलावली. ते खांबाजवळ गेले आणि तिचा बाण दोन बोटांनी सहज उपटला. मग शेजारचा, आधीच्या सरावातला भटूच्या कामठ्याचा, काढायला त्यांना पाय लावावा लागला.

"हाई बी खरं शे," ते म्हणाले. "डुक्कर दिसनं का लगेच बाण सोडता येत नही. ते झुडपामांगे उभं ऱ्हास, वास लेस, आपला जीव काढस. तठलोंग धरता येवाले पाह्यजे. पन बाण बोटभर गया त डुक्कर हाशी. दोन्ही गोष्टी खऱ्या शेतस. आते तू ठराव."

"तुम्हीच सांगा ना, आबा."

"मी सांगं त मना डोकाथीन ठरी. बाण तुना हातथीन सुटाना शे."

आबा निघून गेले. पोरांनी बैलाचं पुढे काय झालं म्हणून त्यांचा पिच्छा पुरवला.

ताईबाई अंगणात एकटी राहिली. तिने आपला कामठा घेतला आणि खांबाकडे एक पाऊल टाकून बाण मारला. मग आणखी एक पाऊल, आणखी एक बाण. असं पुढे पुढे जात, दर बाण उपटताना किती जोर लागतो ते हाताने तोलत गेली. खांब दहा पावलांवर आला तेव्हा बाण निघेना. तिने पाय लावला तरी निघेना.

म्हणजे कामठा लहान नव्हता, अंतर लांब होतं. पण रानडुकराला दहा पावलांवर येऊ द्यायचं, हे अंगणात खांबापुढे उभं राहून म्हणणं वेगळं होतं.

तेवढ्यात तिच्या डोळ्यांपुढे एक जागा उभी राहिली. तिच्या शेताच्या शिवेला नाल्याच्या दोन दरडींमध्ये एक अरुंद वाट होती, आणि वाटेवर वाकलेलं जुनं अंजनाचं झाड. पहाटे माळ्यावरून तिने डुकरांना कितीदा त्याच वाटेने नाल्यात उतरताना पाहिलं होतं. झाडाच्या खालच्या फांदीपासून ती वाट दहा पावलांच्याही आत होती.

रात्री जेवताना तिने भटूला सांगितलं. भटूचा घास हातातच राहिला.

"लोके काय म्हनतीन? भटूना एवढा कामठा घरमां टांगेल शे, आनि बायको पोपट हाकलानी कामठी लई ऊनी!"

"तीन साल पहिले तू डुक्कर मारं. ते कोठे सापडनं?"

भटू भाकरीकडे बघू लागला. "डोंगरना पल्याड."

"लांबथीन मारं व्हतं ना? कामठा जोरदार शे म्हनीसन?"

"हां."

"किती दिवस फिरना?"

"दोन."

"उपाशी?"

"एक दिवस उपाशी," भटू म्हणाला. "दुसरा दिवस उंबरं खादी. उंबरं म्हनजे काय भाकरी नही."

ताईबाईला हसू आवरेना. भटूलाही आवरलं नाही, आणि हसताना प्लास्टरमधला हात दुखल्यामुळे तो एकदम ओय करून थांबला.  दुसऱ्या दिवशी ती बागेतून आली तेव्हा भटू ओट्यावर दगड घेऊन बसला होता. तिच्या बाणाचं सर्वांत रुंद पातं त्याने पायाच्या अंगठ्यांत धरलं होतं आणि डाव्या हाताने घासत होता. एका हाताने धार लावणं सोपं नसतं. त्याच्या हाताचा अंगठा दोनदा कापला होता. पात्यावर त्याने डोक्याचा एक केस टेकवला. केस दोन झाला.

"जोर नही ना," तो म्हणाला, "मंग धार पाह्यजे. डुक्कर जोरथीन नही मरत, धारथीन मरस."

असं बोलायला मन मोठं लागतं. ज्याच्या कामठ्याची तारीफ अख्खा पाडा करी, त्याने बायकोच्या काठीएवढ्या कामठ्याला धार लावून दिली. ताईबाईने त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधली आणि आत गेली.

हाक्याच्या दिवशी सकाळी सगळे वडाखाली जमले. आबा एकेकाला जागा देत होते. ताईबाईची पाळी आली तशी तिने आपणहून अंजनाच्या झाडाची जागा मागितली.

"झाडावर?" जीवराम म्हणाला. "वहिनी, झाडावर बसू नका. तुमना घरना लोके उंचवरथीन पडतस!"

सगळे हसले. ताईबाई म्हणाली, "मी पडनू त डुकराना आंगवर पडसू. तू दूरथीन नेम धरजो."

जीवरामने मान खाली घालून हसत हात जोडले. आबांनी तिच्या खांद्यावरचा कामठा पाहिला, त्या कामठ्याला कोणती जागा हवी ते तिनेच ओळखलं होतं हेही पाहिलं, आणि जागा दिली. जीवरामला तिच्या वरच्या अंगाला, उघड्या बरडावर उभं केलं.

अंजनाच्या फांदीवर ती चढून बसली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. खाली दोन दरडींमधली वाट. वारा नाल्याकडून तिच्याकडे येत होता, म्हणजे तिचा वास डुकरांना जाणार नव्हता. बराच वेळ काही झालं नाही. मग लांब, नाल्याच्या खालच्या टोकाला पत्र्याचे डबे वाजायला लागले. एक तितर ओरडत उडाला. झुडपं हलली.

तिने कामठा ताणला.

वाटेवर आली ती मादी. तिच्या मागे पट्ट्यापट्ट्यांची पिलं, एकमेकांना धक्के देत, रेल्वेच्या डब्यांसारखी. पिलांच्या मादीवर बाण टाकायचा नाही, हे पाड्यात सांगावं लागत नसे. ताईबाई ताणलेल्या कामठ्यानिशी तशीच बसून राहिली. आता हात सैल केला असता तर फांदी हलली असती आणि मादी पिलांसह उलटी हाकेवाल्यांच्या अंगावर गेली असती. पिलं झाडाखालून गेली. शेवटचं पिलू थांबलं, त्याने एका मुळाशी नाक खुपसलं, परत आलं, परत गेलं. ताईबाईच्या खांद्यात सुई फिरल्यासारखं झालं, पण बाणाचं टोक जागचं हललं नाही. पिलू गेलं तेव्हा तिने दोरी हळूच, बोटाबोटाने सैल सोडली आणि श्वास घेतला.

आणि मग तो एकांडा दिसला. वाटेवर नव्हे, वरच्या बाजूला, बरडाच्या कडेला. काळा, पाठीवरची आयाळ उभी, सुळे पांढरे. तिच्यापासून पंचवीस-तीस पावलांवर तो पूर्ण आडवा उभा होता. भटूच्या कामठ्याला असं डुक्कर म्हणजे पर्वणीच. तिचा बाण तिथवर पोचला असता, लागलाही असता. आणि बोटभर जाऊन राहिला असता.

तिने कामठा उचलला नाही. हात शिवशिवत होता, तरी उचलला नाही. समोर सगळ्या पाड्याचं पीक तुडवणारं डुक्कर उभं असताना नुसतं बसून राहायला जे लागतं, ते तिने त्या फांदीवर बसून दाखवलं.

बाण सुटला तो जीवरामचा. जीवरामचा कामठा भटूच्याच तोडीचा, पण अंतर लांब आणि घाई फार. बाण डुकराच्या मागच्या मांडीत बसला. डुक्कर किंचाळलं, गर्रकन फिरलं, बाण झुडपात मोडून टाकला आणि नाल्याकडे वळलं. जीवराम डोक्यावर हात मारून धावला. मांडीतल्या बाणाने डुक्कर मरत नाही. ते आता नाला पार करून डोंगर ओलांडणार होतं, आणि त्याच्यामागे जीवराम.

बरडावरून नाल्यात उतरायला वाट एकच होती, अंजनाच्या झाडाखालची.

डुक्कर दरडींमध्ये शिरलं तेव्हा ताईबाईचा कामठा ताणलेला होता. धावणाऱ्या डुकरावर ती सोडणार नव्हती. झाडाखाली आल्यावर डुकराला मादीचा आणि पिलांचा ताजा वास लागला आणि ते थबकलं. मुस्कट वर केलं. पुढचं अंग एका झुडपाआड, दिसत होतं ते फक्त ढुंगण आणि शेपूट. ती थांबली. डबे जवळ आले. डुकराने एक पाऊल पुढे टाकलं. झुडपातून आधी कान आला, मग मान, मग पुढचा पाय आणि पायाच्या मागची, काळजावरची वीतभर जागा.

बाण फार आवाज न करता गेला. वरून खाली, तिरका, पिसापर्यंत.

डुक्कर उडी मारून नाल्यात उतरलं, वाळूत थोडं धावलं, मग कुणी दोरीने ओढल्यासारखं बाजूला कलंडलं आणि परत उठलं नाही. ताईबाई फांदीवरून उतरली तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिला हातातला कामठा सोडता येत नाही. बोटंच उघडत नव्हती. ती तशीच वाळूत उभी राहिली. डुक्कर मोठं होतं, देखणं होतं, आणि ते आता उठणार नव्हतं. तिने कामठा कपाळाला लावला आणि डुकराच्या पायांना हात लावला.

हाकेवाले जमले. हिलाल आबा आले. धापा टाकत जीवराम आला. पाड्यात पहिला बाण ज्याचा, जनावर त्याचं म्हणायची रीत होती, म्हणून सगळे जीवरामकडे बघू लागले.

जीवराम वाळूत बसला. मांडीतलं आपल्या बाणाचं तुटलेलं टोक त्याने बघितलं आणि बरगडीमागची ताईबाईच्या बाणाची पिसं बघितली.

"आबा," तो म्हणाला, "पहिला बाण मना शे, खोटं काय बोलू. पन त्या बाणना मांगे मी दोन दिवस उपाशी फिरतू. उंबरं खातू. वहिनीनी मनी भाकरी वाचाडी. डुक्कर वहिनीनं."

आबा डुकराशेजारी उकिडवे बसले. मग त्यांनी ताईबाईचा कामठा मागून घेतला, उन्हात धरून त्याची बारीक पेरं पाहिली आणि दोन्ही हातांनी तिला परत दिला. पाड्यात कामठा असा दोन हातांनी द्यायची पद्धत फक्त वडीलधाऱ्यांसाठी होती. बघणाऱ्यांना ते कळलं. डबे धरलेल्या पोरांनी एकदम ते वाजवायला सुरुवात केली.

दुपारी पळसाच्या पानांवर घरटी वाटे झाले. भटूच्या घरचा वाटा जीवराम स्वतः घेऊन आला. ताईबाईने त्याच्यापुढे भाकरी आणि ठेचा ठेवला. तो जेवायला बसला.

"उद्यापाशीन राखणनी पहिली पाळी मनी, वहिनी," पहिला घास तोंडात घालत तो म्हणाला. "तुमना शिवपाशीन सुरू."

भटू ओट्यावर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. सकाळपासून पाड्यात तो एकटाच असा होता, ज्याने काही पाहिलं नव्हतं. पोरांनी येऊन सांगितलं होतं, पण पोरं सगळं एकदम सांगतात.

"मले नीट सांगा," तो म्हणाला. "पहिलंगपाशीन सांगा. मादी कव्हय ऊनी?"

ताईबाई चुलीपुढून उठून त्याच्याजवळ येऊन बसली आणि सांगू लागली. ती शेवटच्या पिलापर्यंत आली तेव्हा भटूने डावा हात उचलून तिला थांबवलं.

"थांब. ते पिलू परत का ऊनं?"

"मुळी खावाले."

"आनि तू तवलोंग धरीसन?"

"धरीसन."

भटूने डोळे मिटून घेतले, जणू तो स्वतः त्या फांदीवर बसला होता, आणि म्हणाला, "हां. आते सांग. पुढे?"